खंबाटकीत गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

दहाचाकी_निगडी

नमस्कार मंडळी. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये बाबांच्या दोन गाड्या आहेत. हिशेब, डिझेल, टायर, पासिंग हे सगळं गेली चार वर्षं मी बघते. इंजिनातलं मात्र ऐकीव.

मोठी गाडी दहा चाकी आहे, २०१८ ची, बीएस-४. चाकणहून कास्टिंग भरून कोल्हापूरला जाते, येताना गूळ, साखर, मिळेल तो माल. दोन महिन्यांपासून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत तिसऱ्या-चौथ्या वळणाला काटा लाल पट्टीला टेकतो. ड्रायव्हरकाका गाडी कडेला घेऊन वीस-पंचवीस मिनिटं थांबतात, मग पुढे. सपाटीला काटा जागच्या जागी. कात्रजच्या बोगद्याच्या चढाला थोडा वर सरकतो, पण लाल होत नाही. प्रत्येक फेरीला लिटर-दीड लिटर कूलंट घालावं लागतं आणि गाडी रात्रभर उभी असली तरी खाली एक थेंब दिसत नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात, थर्मोस्टॅट काढून टाका, पूर्वी सगळे काढायचेच. बाबा तयार आहेत. मला तो काढल्यावर आत नक्की काय होतं ते समजून घ्यायचंय. समजलं तर बाबांशी बोलता येईल. घाटात गाडी बंद पडली की मागे किती किलोमीटर रांग लागते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या रांगेत कधीतरी ॲम्ब्युलन्सही असते, त्यामुळे मला झोप लागत नाही.

सासवडकर

काढा बिनधास्त. आमच्या जुन्या सहाचाकीत कधीच नव्हता. दिवे घाट रोज चढायची.

फिटर_भोसरी

ताई, थांबा. काढू नका. तीस वर्षं गाड्या खोलतोय, हात जोडून सांगतो.

आधी पाण्याचा, म्हणजे कूलंटचा, रस्ता बघा. पंप पाणी ढकलतो ते ब्लॉकमध्ये लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यांच्या, भोवती फिरतं, तिथून वर हेडमध्ये, इंजिनाच्या माथ्यावरच्या भागात जातं, हेडमधून बाहेर पडताना थर्मोस्टॅटच्या डबीत येतं. तिथे दोन वाटा आहेत. एक वाट वरच्या होजपाइपने रेडिएटरला, म्हणजे पुढच्या गार करणाऱ्या जाळीला जाते, दुसरी बारकी वाट म्हणजे बायपास, ती सरळ पंपाकडे परत येते. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट मिटलेला असतो, म्हणजे पाणी बायपासनेच गोल गोल फिरतं आणि लवकर तापतं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण ८० ते ८३ अंशाला ते वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडायला लागते.

आता महत्त्वाचं. मोठ्या गाड्यांच्या बऱ्याच थर्मोस्टॅटना खाली अजून एक चकती असते. वरची झडप जसजशी उघडते तसतशी ही खालची चकती बायपासचं तोंड बंद करत जाते. पूर्ण तापलेल्या इंजिनात सगळं पाणी रेडिएटरकडे जावं, एवढ्यासाठी. तुम्ही थर्मोस्टॅटच काढलात तर ती चकतीही गेली. बायपास कायमचा उघडा. मग घाटात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच, बरंचसं गरम पाणी रेडिएटर न बघता परत इंजिनात. गाडी तापते म्हणून काढला आणि काढल्यामुळे जास्त तापली, अशा किती गाड्या माझ्याकडे आल्यात.

सासवडकर

भोसरीवाले, तुमचं बरोबर असेल. आमच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढताना बायपासच्या भोकात पत्र्याची चकती ठोकली होती, हे आत्ता तुमचं वाचून आठवलं. म्हणजे त्याला हे ठाऊक होतं. मी पहिल्या प्रतिसादात ते सांगितलंच नाही, चूक झाली. ताई, माझ्यावर विसंबून काढू नका.

आणि खरं सांगायचं तर ती गाडी थंडीत सकाळी अर्धा तास पांढरा धूर सोडायची. डिझेल किती जास्त खायची त्याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. ऑइल बदलायला काढलं की झाकणाखाली लोण्यासारखा चिकट थर असायचा.

फिटर_भोसरी

तो थर म्हणजेच गार इंजिन. जळताना पाण्याची वाफ तयार होते, थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते, नाहीतर ऑइलमध्येच राहते. सिलिंडरच्या भिंतीवर न जळलेलं डिझेल ऑइल धुऊन काढतं, लायनर-रिंगा झिजतात. इंजिन जितकं थंड तितकं चांगलं, हा समज डोक्यातून काढायला हवा. त्याला ८५-९० ला धरून ठेवायचं असतं.

गणितवाला

थोडा हिशेब मांडतो, कारण आकडा समोर आला की रेडिएटरबद्दल आदर वाटतो.

ढोबळमानाने डिझेलमधल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडी जास्त चाकांपर्यंतच्या कामाला येते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्याला काढावी लागते. २०० हॉर्सपॉवर म्हणजे १५० किलोवॅट. घाटात पूर्ण जोर लावलेला असताना पाण्यातून १०० किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढायची आहे असं धरू. घरातला गीझर दोन किलोवॅटचा. म्हणजे पन्नास गीझर एकदम चालू आहेत आणि ती सगळी उष्णता एका दरवाजाएवढ्या जाळीतून वाऱ्याला द्यायची आहे.

पंप सेकंदाला चार लिटर पाणी फिरवत असेल तर रेडिएटरमध्ये शिरताना आणि निघताना पाण्यात फरक पडतो फक्त सहा अंशांचा. निम्मं कूलंट असेल तर सात. वर ९० ने आत, खाली ८३ ने बाहेर. रेडिएटर पाणी 'गार' करत नाही, दर फेरीला चिमूटभर उष्णता काढतो, पण न थांबता. म्हणून जाळीचा पाव भाग जरी बुजला तरी सपाटीला कळत नाही आणि चढाला लगेच कळतं. ताई, तुमच्या गाडीची लक्षणं वाचून माझा संशय जाळीवर आहे.

चहा_कमी_साखर

पुणेकर ३८ ला 'काय हे ऊन' म्हणतो आणि इंजिन ९० ला आनंदात असतं. आजपासून तक्रार बंद.

माजी_ईएमई

गणितवाल्यांचा मुद्दा उंचीवर अजून स्पष्ट होतो. मी सैन्यात गाड्यांच्या देखभालीत होतो, आता खडकीत स्थायिक आहे. लेह ३५०० मीटरवर. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. हवा विरळ, म्हणजे तेवढाच पंखा फिरून जाळीतून जाणाऱ्या हवेचं वजन कमी. रात्री उलटी अडचण, पाणी गोठून ब्लॉक फुटतो. म्हणून तिथे कूलंट-पाणी निम्मं-निम्मं ठेवलं तर साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही.

आमच्याकडे टाट्रा गाड्याही होत्या. त्यांचं इंजिन हवेवर गार होणारं, रेडिएटर नाही, होजपाइप नाही, पाणी गोठण्याची भीती नाही. प्रत्येक सिलिंडरला पंख आणि समोर मोठा ब्लोअर. पहिल्यांदा बॉनेट उघडलेला नवा मुलगा रेडिएटर शोधत बसायचा.

पुण्यातही उंचीचा थोडा परिणाम आहेच. आपण ५६० मीटरवर, साधं पाणी ९८ ला उकळतं. म्हणून रेडिएटरच्या कॅपकडे दुर्लक्ष करू नका. कॅप म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती दाबाची झडप आहे. कॅप एक बारचा दाब धरत असेल तर पाणी १२० च्या जवळ उकळेल. स्प्रिंग मेली, रबर फाटलं, तर ९८ लाच बुडबुडे. आणि वाफेचा बुडबुडा हेडच्या भिंतीला चिकटला की तेवढ्या जागेची उष्णता पाणी उचलतच नाही.

घोरपडी_शेड

निवृत्त रेल्वेवाला. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये आयुष्य गेलं. तुमच्या गाडीपेक्षा आमची गाडी जरा जड, पण तत्त्व तेच.

डब्ल्यूडीएम मालिकेच्या रेल्वेच्या डिझेल इंजिनात रेडिएटरचा पंखा थेट शाफ्टला जोडलेला नव्हता, मधे एडी करंट क्लच, म्हणजे विजेच्या चुंबकाने पंखा जोडणारा क्लच, असायचा. पाण्याचं तापमान ठरावीक आकड्याला गेलं की स्विच लागायचा, क्लचच्या कॉइलला करंट मिळायचा आणि पंखा फिरायला लागायचा. पाणी उतरलं की पंखा सुटायचा. तुमच्या ट्रकमध्ये हेच काम व्हिस्कस फॅन करतो. पंख्याच्या मधल्या डबीत सिलिकॉनचं दाट तेल असतं, तोंडाशी दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून येणारी गरम हवा पट्टीला लागली की ती वाकते, तेलाला वाट देते आणि पंखा जवळजवळ पुलीच्या वेगाने ओढला जातो. तेव्हा जो घोंगावणारा आवाज येतो, तो ऐकायची सवय लावा. पंखा पूर्ण लागला की इंजिनाची बरीच ताकद खातो, म्हणून तो सतत लागलेला नको आणि घाटात न लागणं तर त्याहून वाईट.

ताई, ड्रायव्हरसाहेबांना एकच विचारा. काटा वर जाताना पंख्याचा आवाज बदलतो का?

दहाचाकी_निगडी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. काकांना फोन केला. म्हणाले, 'पूर्वी विमानासारखा आवाज यायचा, हल्ली येतो पण उशिरा, काटा लालजवळ गेल्यावर.' याचा अर्थ व्हिस्कस गेला का? नवा बराच महाग आहे.

फिटर_भोसरी

घाई नको. पट्टीला गरम हवा लागली तर ती वाकणार. जाळी बुजलेली असेल तर हवाच कमी येते, पट्टीला खबर उशिरा लागते. व्हिस्कस बदलून पैसे घालवण्याआधी जाळी बघा. इंजिन गार असताना पंखा हाताने फिरवा. थोडा अडखळत, एकसारखा फिरला तर ठीक. गरगर मोकळा फिरला किंवा डबीभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर गेला.

वारीतला_टँकर

दिवे घाट वाचून राहवलं नाही. आमच्या गावच्या दिंडीसोबत पाण्याचा टँकर दरवर्षी मी चालवतो. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाटात माणसाच्या चालीने गाडी चढवायची असते. पुढे वारकरी, मागे वारकरी. क्लच अर्धा दाबलेला, पहिला गिअर, इंजिन जवळजवळ आयडलला. वाऱ्याचा झोत शून्य, कारण गाडी चालतच नाही. पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर, त्याही कमी. शिवाय पाठीवर पाणी भरलेलं.

पहिल्या वर्षी घाटाच्या मध्यावर पाणी उकळलं. मी घाबरून कॅपवर ओलं पोतं टाकलं आणि फिरवायला गेलो. अर्धी फिरवली तोच कॅप हातातून उडाली. वाफेचा लोट छातीपर्यंत. दिंडीतल्या एका आजींनी पळत येऊन माझा हात टँकरच्या नळाखाली धरला, पंधरा मिनिटं सोडला नाही. मनगटावर अजून डाग आहे. म्हणून सांगतो, गरम कॅपला हात लावायचा नाही. पोतं टाकूनही नाही. वरचा होजपाइप दाबून बघायचा, कडक असेल तर आत दाब आहे.

आता मी असं करतो. मधे दोन मिनिटं जागा मिळाली की न्यूट्रल करून हजार-बाराशे फेऱ्यांवर धरतो, म्हणजे पंप-पंखा दोन्ही जोरात. केबिनचा हीटर पूर्ण सोडतो. जूनमध्ये केबिनची भट्टी होते, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता तो काढतो. त्यानंतर एकदाही उकळलं नाही. विठ्ठलाची कृपा आहेच.

सासवडकर

माउली 🙏 त्या दिवशी घाटात आम्हीही चहा वाटत असतो. पुढच्या वर्षी टँकर दिसला की थांबवणार.

लाल_डब्याचा_मुलगा

वडील एसटीत चालक होते. घाटाबद्दल त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ: 'गिअर आधी, चढ नंतर.' लोक वरच्या गिअरमध्ये गाडी दामटतात, इंजिन धापा टाकतं, फेऱ्या हजारच्या खाली. डिझेल भरपूर जळतंय, म्हणजे उष्णता भरपूर, आणि पंप-पंखा सुस्त. एक गिअर खाली घेतला तर फेऱ्या वाढतात, पाणी जोरात फिरतं, पंखा जोरात ओढतो. आवाज जास्त येतो म्हणून नवे चालक घाबरतात, पण काटा खाली येतो.

थांबल्यावर लगेच चावी बंद करायची नाही, हेही त्यांचंच. बंद केली की पंप थांबतो, पण हेड, टर्बो यांच्या धातूत साठलेली उष्णता तिथल्या तिथे पाण्यात उतरते आणि बंद गाडीचं पाणी उकळतं.

माजी_ईएमई

एक अपवाद जोडतो. पाणी निघूनच गेलं असेल, होज फुटला असेल, तर क्षणभरही चालू ठेवू नका. आणि अशा वेळी काट्यावर विश्वास नको. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी त्याच्या खाली उतरलं की तो हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी गार झाली. पाच मिनिटांत इंजिन धरतं, म्हणजे आतून जाम होतं.

मेकॅनिकलवाली

मी इंजिनांच्या चाचण्यांवर काम करते. ताईंच्या मूळ प्रश्नातला एक भाग अजून कोणी नीट उचलला नाही. दर फेरीला लिटर-दीड लिटर कूलंट जातं कुठे?

थेंब दिसत नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. वाटा अशा. एक, कॅप दाब धरत नाही, घाटात उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून जातं, रस्त्यावरच वाळतं. दोन, हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. तीन, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला धूर गार करणारा भाग, असेल तर तो आतून चिरलेला, पाणी सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन जातं. चार, ऑइल कूलर. आणि पाचवी वाट लोक विसरतात, ती म्हणजे ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. ट्रकच्या कॉम्प्रेसरचं हेडही बहुतेक वेळा इंजिनाच्याच पाण्यावर गार होतं. त्याचं गॅस्केट गेलं की दाबाची हवा पाण्यात घुसते, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात आणि सगळे म्हणतात, 'हेड गॅस्केट उडालं.' हेड उतरवतात, हजारो रुपये जातात, बुडबुडे तसेच.

तपासायचं असं. सकाळी गार गाडी चालू करा, कॅप उघडी ठेवून टाकीत बघा. एकसारखे बुडबुडे येत असतील तर कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या तात्पुरत्या वेगळ्या करून, इंजिनाकडची तोंडं एकमेकांना जोडून, एखाद-दोन मिनिटंच पुन्हा चालवून बघा. बुडबुडे थांबले तर दोषी कॉम्प्रेसर. डिपस्टिकही पुसून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी तिकडे गेलंय.

आणखी एक. तुम्ही वरून काय घालता, कूलंट की पाणी?

दहाचाकी_निगडी

खरं सांगते. कागदावर कूलंट लिहिलंय, काकांना विचारलं तर म्हणाले, घाटात ढाब्यावरचं बोअरचं पाणी घालतात. दुसरं जवळ नसतं.

मेकॅनिकलवाली

वाटलंच. काकांचा दोष नाही, त्यांच्या केबिनमध्ये पाच लिटरचा कॅन कोणी ठेवलाच नाही.

बोअरचं पाणी जड. उकळलं की क्षार भिंतीवर बसतात, तुमच्या गीझरच्या कॉइलवर बसतात तसेच. बाहेरून पाणी ८८ दाखवतं आणि क्षाराच्या मागचं लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं.

दुसरं नुकसान डोळ्यांना उशिरा दिसतं. मोठ्या डिझेल इंजिनात लायनर बाहेरून थेट पाण्यात असतो. आत स्फोट झाला की पिस्टन लायनरवर आपटतो, लायनर घंटेसारखा थरथरतो. भिंत क्षणभर पाण्यापासून मागे सरते, तिथे दाब पडून बारीक बुडबुडे होतात, भिंत परत आली की ते फुटतात आणि धातूचा कण उडवतात. हे मिनिटाला शेकडो वेळा. मी एकदा असा लायनर हातात घेतला होता. आतून आरशासारखा, बाहेरच्या एका बाजूला वरून खाली टाचणीने टोचल्यासारखी भोकांची रांग. त्यातलं एक आरपार गेलेलं. उजेडाला धरला तर तारा दिसावा तसा ठिपका. त्या एका ठिपक्यातून पाणी ऑइलमध्ये गेलं आणि बेअरिंग गेली. मोठ्या गाड्यांसाठीच्या कूलंटमध्ये जी रसायनं असतात ती लायनरवर पातळ थर धरतात, मार त्या थरावर बसतो. पाणी भरत गेलं की रसायन पातळ होतं आणि थर जातो.

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा हा कंपनीने घातलेला रंग आहे, आतलं रसायन त्यावरून कळत नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार बघा आणि डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी वापरा.

घोरपडी_शेड

बाई, त्या ठिपक्याचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे लोकोच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जायचा, रसायन कमी झालं तर गाडी शेडबाहेर सोडत नव्हतो. ट्रकवाल्यांना ही चैन नाही, हे खरं दुखणं आहे.

रोजचा_प्रवासी

अवांतर विचारतो. आता पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस आहेत, त्यांना हे काहीच लागत नसेल ना?

मेकॅनिकलवाली

लागतं. बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर यांच्यासाठीही बहुतेक बसमध्ये पाण्याची वेगळी वाट, पंप आणि रेडिएटर असतो. फरक असा की बॅटरी बरीच नाजूक. इंजिन ९० ला खूश असतं, बॅटरीला साधारण आपल्याला सोसेल तेवढंच तापमान आवडतं. मे महिन्यात तिला एसीची मदत घ्यावी लागते.

कर्वेरोड_प्राणिमित्र

विषयाला धरूनच एक विनंती. जुनं कूलंट गटारात, गॅरेजच्या दारात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं. कुत्री चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. आमच्या गल्लीत दोन पिल्लं अशीच गेली. कॅनमध्ये भरून, झाकण लावून ठेवा.

फिटर_भोसरी

हे आमच्या गॅरेजला लावून घेतो. आजपर्यंत ओततच होतो.

दहाचाकी_निगडी

दहा दिवसांनी लिहितेय, कारण सगळं करून बघायचं होतं.

रविवारी बाबा, मी, काका आणि मिस्त्री असे चौघं बसलो. हा धागा मी बाबांना वाचून दाखवला. मिस्त्री आधी गप्प होते, मग म्हणाले, 'बायपासचं बरोबर आहे, माझ्या लक्षात नव्हतं.'

सकाळी गार गाडी, कॅप उघडी, बुडबुडे नाहीत. ऑइल स्वच्छ. पंखा हाताने फिरवला, अडखळत एकसारखा. मग कॅप. रबराच्या कडेला नखाएवढा तुकडा नव्हता, आणि ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा डाग. काका म्हणाले, तो डाग केव्हापासूनच आहे. कोणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

मग समोरची जाळी. बाहेरून बघितली तर स्वच्छ. दर आठवड्याला पाणी मारतातच. पण समोर दिसतो तो इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी, रेडिएटर त्याच्या मागे. मिस्त्रींनी इंटरकूलरचे चार बोल्ट काढून तो पुढे झुकवला आणि आम्ही चौघंही बघत राहिलो. दोघांच्या मधे बोटभर जाडीची गोधडी होती. साखर कारखान्याच्या आवारात रांगेत उभं राहून उडालेलं उसाचं भूस, रस्त्याची धूळ, माशा, आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, उडणाऱ्या तेलाने हे सगळं एकत्र चिकटलेलं. मी कोपरा धरून ओढला तर पोत्यासारखा सलग तुकडा निघाला. खालचा अर्धा रेडिएटर पूर्ण झाकलेला. वर्षानुवर्षं समोरून पाणी मारून आम्ही ती गोधडी अजून घट्ट बसवत होतो.

इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने धुतलं. मिस्त्रींनी जाळीचं एकेक वाकलेलं पान टोकाने सरळ केलं, तीन तास. नवी कॅप, पूर्ण फ्लश, पुस्तकात लिहिलेलं कूलंट. पहिल्या फ्लशचं पाणी विटेच्या रंगाचं होतं. केबिनमध्ये तयार मिश्रणाचे दोन कॅन ठेवलेत. जुनं कूलंट ड्रममध्ये आहे, गटारात नाही.

काल गाडी पूर्ण भरून खंबाटकी चढली. मी सोबत गेले होते. तिसऱ्या वळणाला काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला, काकांनी एक गिअर खाली घेतला आणि पंख्याचा तो आवाज आला, अगदी काका म्हणतात तसा, विमानासारखा. काटा थांबला आणि हळूहळू मागे आला. काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघून हसले. आम्ही थांबलो ते थेट वर, चहाला. कूलंट एक थेंब कमी झालं नाही.

गणितवाला

वा! पन्नास गीझर आणि अर्धं दार बंद. अभिनंदन ताई.

फिटर_भोसरी

डोळ्यात पाणी आलं वाचून. मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा, तीन तास पानं सरळ करणारा माणूस आता मिळत नाही. दर पावसाळ्यानंतर आणि ऊसहंगाम संपल्यावर इंटरकूलर झुकवून बघा. आणि थर्मोस्टॅट तपासलात का? उघडलंच होतं तर.

दहाचाकी_निगडी

हो, काढून पातेल्यात दोऱ्याने टांगला, पाणी तापवत थर्मामीटर धरला. ८२ ला हलला, ९४ ला पूर्ण उघडला. तोच परत बसवलाय.

मेकॅनिकलवाली

उत्तम. फक्त ते पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका. थर्मोस्टॅटला कूलंट लागलेलं असतं.

दहाचाकी_निगडी

आईने आधीच गॅरेजला देऊन टाकलंय.